अल्बिनाचा डावा भाता

लुई स्क्राबाने टोस्टरला चिठ्ठी बांधली तेव्हा अल्बिना हसली. मांजरीला बांधली तेव्हा तिने शेजारच्या डोलोरेसला फोन केला आणि दोघी मिळून हसल्या. पण ऑगस्टमधल्या एका दुपारी त्याने तिच्याच स्वेटरच्या बटणाला चिठ्ठी बांधली, आणि ‘मालक’ या शब्दापुढे ‘ठाऊक नाही’ असं लिहिलं, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. एक्कावन्न वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याने आपल्याला बेवारस ठरवावं, याचं तिला फार वाईट वाटलं. तरी तिने चिठ्ठी सोडली नाही, कारण सोडली की तो लगेच दुसरी बांधायचा.

चिठ्ठ्यांची सवय जुनी. चाळीस वर्षं लुईने घरामागच्या खोलीत बटणांची अकॉर्डियनं दुरुस्त केली. मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या त्या पट्ट्यात स्लोव्हेनियन घरात एक वेळ क्रूस सापडणार नाही, पण अकॉर्डियन सापडणारच. आलेल्या प्रत्येक वाद्याला तो तपकिरी पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायचा. तिच्यावर तीन ओळी असायच्या: मालक, तक्रार, कधी मिळेल. आता तो एकोणऐंशीचा झाला होता. डिमेन्शियाने त्याच्या डोक्यातली निम्मी बटणं मुकी केली होती, पण हातांपर्यंत ती बातमी अजून पोचली नव्हती. वाद्यं येईनाशी झाली, म्हणून हात घरातल्या वस्तूंकडे वळले. टोस्टरची तक्रार होती ‘उशिरा उडतो’ आणि मांजरीची ‘वरच्या पट्टीत अडकते’. अल्बिनाची तक्रार होती ‘हवा गळते’.

आणि यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पुढच्याच आठवड्यात अल्बिना तळघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर येत होती. सातव्या पायरीवर तिचा श्वास संपला. टोपली सुटली आणि चौऱ्याहत्तर वर्षांची अल्बिना स्क्राबा लुईच्या लांब चड्ड्यांच्या ढिगात जाऊन बसली ती पाऊण तास. लुई वरच्या पायरीवर बसून मटणबटाट्याची पास्टी खात तिच्याकडे बघत होता.

“बाई, दुकान पाचला बंद होतं हां,” तो म्हणाला.

‘बाई’ म्हणजे ‘दुकानातली बाई’. अल्बिना हे नाव त्याच्या तोंडून गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून आलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तो डुलूथहून रेनीचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा होता. लुईने उचलला आणि जे दिसत होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं: “दुकानातली बाई जिन्यात पडलीये. तशी काही घाई नाही.”

संध्याकाळच्या आत रेनी दारात हजर झाली. ती दातांच्या दवाखान्याची व्यवस्थापक. तिच्यासमोर तोंड उघडायची लोकांना सवय असते, बोलायची नसते.

“आई, केअर होममध्ये बाबांसाठी एक खाट आहे. पंधरा ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवतील म्हणाले.”

“तुझा बाप म्हणजे काय टेबलखुर्ची आहे का, उचलली आणि दुसरीकडे ठेवली?”

“मी बाबांचं नाही, तुझं बोलतेय. उद्या तू जिन्यात मेलीस तर बाबा तुला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवतील.”

अल्बिनाला हे पटलं, म्हणूनच ती जास्त चिडली. शेवटी डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. घरच्या डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी गावात एक वर्ग सुरू होत होता. श्वासाचे स्नायू किती ताकदीचे आहेत ते मोजायचं आणि मग ते कसून घ्यायचे. दुसऱ्याला उचलता उचलता स्वतःचाच दम जाणाऱ्यांसाठी ही तालीम होती. रेनी तिला पहिल्या मंगळवारी स्वतः गाडीने घेऊन गेली, म्हणजे रस्त्यात पळून जायची सोय नको.

वर्ग स्लोव्हेनियन हॉलच्या तळघरात भरायचा. सांभाळणारे सहा जण एका खोलीत आणि त्यांची माणसं बाजूच्या खोलीत बिंगो खेळत. तिथे आकडा कोणता पुकारला आणि तो कोणाला लागला हे कोणाच्याच लक्षात राहत नसल्यामुळे तो गावातला सगळ्यात शांत बिंगो होता. डोलोरेस बोनिचेल्लीही वर्गात होती. तिची थोरली बहीण रोज सकाळी नवऱ्याला शोधायला घराबाहेर पडायची, आणि बहिणीचं लग्नच झालेलं नसल्यामुळे डोलोरेसला ब्लॉकभर पळावं लागायचं.

शिकवणारा वेंडेल लाहती साडेसहा फुटी फिनिश पोरगा होता. तो दिवसाला मोजून वीस शब्द वापरायचा आणि त्याचे हात बर्फासारखे गार होते.

“अगं बाई गं!” पाठीवर हात पडताच डोलोरेस किंचाळली. “तुम्ही फिन लोक गरम वाफेच्या सौनातच जन्मता ना रे? मग ही ऊब जाते कुठे?”

“माहीत नाही,” वेंडेल म्हणाला. त्याचे दोन शब्द खर्च झाले.

अल्बिनाची पाळी आली. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि नळीच्या टोकाला काटा असलेली तबकडी. आधी सगळा श्वास सोडायचा आणि मग बंद नळीतून जीव खाऊन आत ओढायचा. काटा जिथवर जाईल ती तुमची ताकद. ती ओढत असताना वेंडेलने तिच्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही पंजे ठेवले होते, कोणती बाजू किती फुलते ते बघायला. काटा एकतीसला पोचला आणि दमून परतला.

“तुमच्या वयाला साठ हवेत,” वेंडेल म्हणाला आणि एक पंजा बरगडीवरच ठेवून दुसऱ्या हाताने कागदावर काहीतरी लिहू लागला.

“ए पोरा! हात काढ आधी!”

दारात लुई उभा होता. एका हातात बिंगोच्या सोंगट्या आणि चेहऱ्यावर गिऱ्हाइकाने स्वतःच वाद्य उघडलेलं दिसल्यावर येतो तो संताप. तो तरातरा आला आणि साडेसहा फुटी वेंडेलला त्याने कोपराने बाजूला सारलं.

“असं धरतात होय? मधोमध धरलंस तर कोपरा काय म्हणतोय ते कसं कळणार? बघ.” त्याने आपले रुंद, वाद्यांच्या मेणाचे डाग पडलेले पंजे अल्बिनाच्या बरगड्यांवर ठेवले, कान तिच्या पाठीला लावला आणि म्हणाला, “उघड.”

अल्बिनाने श्वास घेतला.

“मीट.”

तिने सोडला.

“डावा भाता. खालच्या कोपऱ्यात घड्या चिकटल्यात. कोणीतरी सतत एकाच बाजूने ओढलाय.” मग वेंडेलकडे वळून म्हणाला, “आणि तू हात गरम करून येत जा. गार हाताने मेण तडकतं.”

वेंडेलने आपला कागद फिरवून भिंतीशी बसलेल्या रेनीला दाखवला. त्यावर लिहिलं होतं: डावी खालची बाजू जवळजवळ हलत नाही. “बरोबर ओळखलं,” तो म्हणाला. फिन माणसाकडून एवढी स्तुती म्हणजे सत्कारच समजायचा.

सतत एकाच बाजूने कोण ओढत होतं, हे अल्बिनाला वेगळं सांगायला नको होतं. दोन वर्षं लुई तिच्या डाव्या दंडाला लोंबकळत घरभर फिरत होता, आणि तो पडू नये म्हणून ती डावी कूस आवळून धरत होती. पण आज त्याने आधारासाठी नाही, तर तिच्यासाठी म्हणून हात लावला होता. तिला फार बरं वाटलं. या वयात बरगड्या चाचपल्यावर खूश व्हायचं म्हणजे आपण अगदीच खुळ्या, असंही वाटलं.

परतताना गाडीत रेनीने सौदा ठरवला. “पंधरा ऑक्टोबरला साठ आले, तर बाबा घरी. नाही आले, तर खाट. कबूल?”

“कबूल,” अल्बिना म्हणाली. एवढं बोलायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

घरी सरावासाठी प्रत्येकाला प्लास्टिकची एक बोटभर शिट्टी मिळाली होती. फरक एवढाच, की ही फुंकायची नाही, ओढायची. आत स्प्रिंग आणि खाली ती आवळायचा स्क्रू. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस श्वास, आणि तक्त्यात खूण करायची. दुसऱ्याच दिवशी शिट्टीला चिठ्ठी लागली होती. ‘मालक: दुकानातली बाई. तक्रार: खेळणं आहे.’

पहिले दोन दिवस अल्बिनाने तीस श्वास मजेत ओढले. तिसऱ्या दिवशी जरा जड गेले. आठवड्याच्या शेवटी दहा श्वासांतच डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती बसायची, कॉफीचा घोट घ्यायची, मग पुढचे दहा ओढायची, पुन्हा बसायची. तीस पुरे करायला अर्धा तास लागायचा. दुसऱ्या आठवड्यात तर पहिल्याच श्वासाला कानात घंटा वाजू लागल्या. बाकी सगळे सुधारत होते, डोलोरेस तर बहिणीला आता पहिल्याच कोपऱ्यावर गाठत होती, आणि आपण मात्र उतरणीला लागलो, असं तिच्या मनाने घेतलं.

मग माणूस करतो तेच तिने केलं. थापा मारल्या, आणि वर्गात ओढून दाखवावी लागू नये म्हणून शिट्टी घरीच लपवू लागली.

“कसं चाललंय?” वेंडेल विचारायचा.

“फुलासारखं.”

“शिट्टी?”

“घरी विसरले.” पुढच्या मंगळवारी, “मांजरीने पळवली.”

तक्त्यात ती रोज ‘सोपं’ या रकान्यात खूण करायची आणि रविवारी चर्चमध्ये त्याची क्षमा मागायची. पण सराव मात्र तिने एकही दिवस चुकवला नाही. खाटेचं नाव काढलं की तिला एकच चित्र दिसायचं. लुई त्या अनोळखी खोलीत उठेल, भिंतीवर आपल्या दुरुस्तीच्या खोलीचं दार शोधेल, आणि तिथल्या कोणाला कळणार आहे की पहिल्या कॉफीआधी त्याच्याशी बोलायचं नसतं?

सकाळच्या कॉफीनंतर लुईचा दवाखाना उघडायचा. तो तिला खिडकीपाशी उभं करायचा, डाव्या बरगडीवर पंजा ठेवायचा आणि पोल्का नाचाची धून गुणगुणत ठेका द्यायचा. “उघड, उघड, मीट. उघड, उघड, मीट. बाई, खांदे उचलू नका, खांद्यांत सूर नसतात.” एकदा ती आरामखुर्चीत डुलकी काढून उठली, तर तिच्या चांगल्या निळ्या स्वेटरच्या डाव्या बाजूला कोकराच्या मऊ कातड्याची पांढरी पट्टी मेणाने चिकटवलेली. गळती बुजवायची त्याची हीच रीत. रविवारी ती तोच स्वेटर घालून चर्चमध्ये मिस्साला गेली, कारण दुसरा तळघरात होता आणि जिना उतरायचा तिला धीर नव्हता.

“ही कुठली नवी फॅशन?” डोलोरेसने विचारलं.

“फॅशन नाही. वॉरंटी आहे.”

चौथ्या मंगळवारी डोलोरेस तिला न्यायला आली. कॉफी करून घ्यावी म्हणून तिने डबा उघडला, तर कॉफीत रुतलेली शिट्टी. आता डोलोरेसच्या हाती गुपित लागणं म्हणजे गावाच्या वेशीवर दवंडी. तासाभरात शिट्टी वर्गात वेंडेलच्या पुढ्यात होती.

वेंडेलने तिला नवीन तोंड बसवलं आणि ओढून पाहिलं. काही झालं नाही. त्याने पाय रोवले, डोळे मिटले आणि पुन्हा ओढलं. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले. शेवटी शिट्टी जेमतेम खोकली.

“हे कोणी केलं?”

त्याने शिट्टी उघडली. स्प्रिंग शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेली होती. आतला प्लास्टिकचा पडदा गायब आणि त्याच्या जागी पातळ कातड्याचा नेटका कापलेला पडदा, कडेने मेण. केसभरही फट नव्हती. सगळी खोली अल्बिनाकडे बघायला लागली आणि अल्बिना बिंगोच्या खोलीकडे बघायला लागली.

लुईला बोलावलं. त्याने शिट्टी उजेडात धरून निरखली. काम त्याला पसंत पडलं.

“जुनी स्प्रिंग एकदम आवळली की तुटते,” तो वेंडेलला समजावू लागला. “रोज अर्धा आटा. तिला कळूही द्यायचं नाही. आधीचा पडदा गळका होता, तो फेकला.”

वेंडेलने कातड्याचा पडदा पुन्हा एकदा बोटाने चाचपला. “मी आठवड्याला अर्धा सांगणार होतो,” तो म्हणाला. “त्याहून जास्त आवळायची मला भीती वाटते.”

मग त्याने अल्बिनाच्या तोंडात तबकडीची नळी दिली. काटा एकोणपन्नासला जाऊन थांबला. डोलोरेसने टाळ्या पिटल्या. अल्बिनाला रडूच कोसळलं. तीन आठवडे ती स्वतःला संपत आलेली समजत होती, आणि खरं तर तिच्या नकळत तिच्याकडून खाणीतल्या बैलाची कामं करून घेतली जात होती.

“मेल्या, सांगायचंस तरी!” ती लुईवर ओरडली.

“वाद्याला कोणी सांगतं का?” लुई म्हणाला आणि बिंगोला निघून गेला.

पंधरा ऑक्टोबरही मंगळवारीच आला. सकाळी पहिला बर्फ पडला होता. रेनी डुलूथहून आली तेव्हा तिच्या बगलेत केअर होमच्या कागदांची फाईल होती, आणि ती तिने खुर्चीवर उलटी ठेवली. तीन वेळा ओढायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा, असा नियम होता.

पहिल्यांदा बावन्न.

दुसऱ्यांदा पंचावन्न.

“खांदे वर जातायत,” वेंडेल म्हणाला. त्याने आज हात गरम करून आणले होते. “आणि तुम्ही दाराकडे का बघता?”

“पलीकडे खुर्ची सरकली. तो उठला असेल.”

“तेव्हा तुम्ही श्वास धरून ठेवता.”

अल्बिनाने विचार केला. खरंच की. दोन वर्षं ती श्वास धरून कानोसा घेत होती. दार उघडलं का, गॅस चालू राहिला का, जिन्यात पाऊल वाजलं का. मोकळा श्वास शेवटचा कधी घेतला, हे तिला आठवेना.

“त्यांनाच आणा इकडे,” वेंडेल म्हणाला.

लुई आला. काही न विचारता तिच्यामागे उभा राहिला आणि पंजे बरगड्यांवर ठेवले. आता कानोसा घ्यायचं कारणच उरलं नाही. ज्याची धास्ती तो पाठीशी उभा होता आणि पोल्का गुणगुणत होता. “उघड, बाई. उघड, उघड.” अल्बिनाने डोळे मिटले आणि दोन्ही भाते उघडले. काटा निघाला. पन्नास, पंचावन्न, आणि मग थरथरत थांबला.

“अठ्ठावन्न,” वेंडेल म्हणाला.

“साठ म्हण की रे!” डोलोरेस उसळली. “दोनचं काय घेऊन बसलास, माझ्यातले दोन दे तिला!”

“अठ्ठावन्न,” वेंडेल म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते, पण फिन माणूस आकडा बदलत नाही.

अल्बिनाने नळी खाली ठेवली आणि रेनीकडे पाहायचं टाळलं. रेनी आपल्या बुटांवरच्या बर्फाकडे बघत होती. या सगळ्याशी लुईला काही देणंघेणं नव्हतं. त्याने पुन्हा एकदा अल्बिनाच्या पाठीला कान लावला, दोन श्वास ऐकले, समाधानाने मान हलवली. मग खिशातून चिठ्ठी आणि पेन्सिल काढली, टेबलावर वाकून सावकाश लिहिलं आणि चिठ्ठी तिच्या निळ्या स्वेटरच्या बटणाला बांधली. अल्बिनाला वाचायचा धीर होईना. रेनीने पुढे होऊन वाचली.

‘मालक: मी. तक्रार: नाही. कधी मिळेल: मिळणार नाही, घरचं आहे.’

“मी कोणाच्या मालकीची नाही, हे एक्कावन्न वर्षं सांगतेय मी याला,” अल्बिना म्हणाली. पण ती हसत होती आणि नाकही पुसत होती.

रेनी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. तिथून तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “हो, स्क्राबांसाठी धरलेली खाट. ती दुसऱ्या कोणाला द्या... नाही, नाही, वारले नाहीत. दुकान अजून चालू आहे.” फोन ठेवून ती आत आली आणि आईला दम दिला: कपड्यांचं मशीन तळघरातून वर आणायचं, दर शुक्रवारी बाबांना ती स्वतः सांभाळणार, आणि पुन्हा जिन्यात दिसलीस तर बघ. हे सगळं ती एका दमात बोलायला गेली, पण मध्येच तिला हुंदका आला, मग दुसरा आला, आणि पुढचं तिला बोलता येईना.

लुईने मान वर केली. मोडकं काही वाजलं की त्याला राहवत नसे. तो रेनीजवळ गेला, तिच्या पाठीवर पंजा ठेवला, कान लावला आणि चुकचुकला. “ही पण गळते,” त्याने वेंडेलला सांगितलं. मग खिशातून आणखी एक चिठ्ठी निघाली, आणि या वेळी लिहिताना तो पहिल्या ओळीवर बराच वेळ थांबला. कपाळाला आठ्या घालून त्याने काहीतरी आठवलं, लिहिलं आणि चिठ्ठी रेनीच्या कोटाला बांधली.

आता अल्बिनाने वाचली. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला डोलोरेसला पुढे ओढलं.

‘मालक: अल्बिना. तक्रार: हवा गळते. कधी मिळेल: पुढचा मंगळवार.’

रेनीने चिठ्ठी सोडली नाही. तिने डुलूथला दवाखान्यात फोन केला आणि मंगळवारपर्यंत आपल्याला दुरुस्तीला टाकलंय, असं कळवून टाकलं.